विचारा तर खरं : डान्स क्लबचं वर्ष

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की आठवड्यातून दोन संध्याकाळी मी इथं नागपुरात एका सोशल डान्स क्लबात जाते, साल्सा-बचाटा (लॅटिन अमेरिकेकडचे, जोडीने करायचे नाच) करते, बस एवढंच. त्यावर इतके प्रश्न आले की संपादक म्हणाले या वेळचं अख्खं सदर यालाच देऊन टाक. कुंड्यांतल्या मुंग्या आणि पासपोर्टवाले प्रश्न पुढच्या महिन्यात घेते, रागावू नका. लांब पत्रं थोडी आखडती केलीत आणि नावं मुद्दाम काढलीत, कारण बऱ्याच जणांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की घरी माहीत नाही.

ताई, क्लास आणि क्लब यात फरक काय जी? आमच्याकडे दोन डान्स क्लास आहेत, झुंबा पण आहे, लेकरांचं बॉलिवूड पण आहे. मग तुम्ही लोक तिथं वेगळं काय करून राहिले? — मनीष नगरहून एक वाचक

क्लासमध्ये तुम्ही आरशाकडे तोंड करून एक बसवलेला नाच शिकता, गाणं ठरलेलं, स्टेप ठरलेली. सोशल डान्समध्ये काहीच बसवलेलं नसतं. गाणं लागतं, कोणीतरी हात पुढे करतं, एक जण लीड करतो म्हणजे पुढे काय ते हातानं सुचवतो, दुसरा फॉलो करतो म्हणजे त्याप्रमाणे जातो आणि त्या चार मिनिटांत जे होईल ते होईल, पुढच्या गाण्याला माणूस दुसरा आणि नाचही दुसरा. शिकवणं असतंच, आमच्याकडे पहिला अर्धा-पाऊण तास नवख्यांचा असतो, पण त्यानंतर फ्लोअर मोकळा. शिक्षक आला नाही तरी क्लब भरतो, फक्त हॉलची चावी ज्याच्याकडे आहे तो आला पाहिजे आणि स्पीकरची वायर सापडली पाहिजे.

मी बुटीबोरीला नोकरीला आहे, शिफ्ट बदलत राहते. वर्षभर काही जमणार नाही. नवीन माणसाने कोणत्या महिन्यात यावं? आणि क्लब वर्षभर चालू राहतो का, की मे महिन्यात टाळं? — बुटीबोरी / हिंगणा रोड

दादा, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण याचं उत्तर द्यायला अख्खं वर्ष सांगावं लागतं, तर बसा निवांत.

जानेवारीत येऊ नका. म्हणजे या, पण तेव्हा नवीन वर्षाचे संकल्पवाले सगळे आलेले असतात, फ्लोअरवर पाय ठेवायला जागा नाही, बेसिक स्टेप मागे घेतली की कोणाच्या तरी पायावर. थंडी छान असते, लोक स्वेटर घालून येतात आणि तिसऱ्या गाण्याला कोपऱ्यातल्या खुर्चीवर स्वेटरांचा डोंगर. फेब्रुवारी उजाडला की हे सगळे हळूहळू गळतात, शिवाय ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे त्या आया गायब होतात (बाबा येत राहतात, हे मी दरवर्षी बघते आणि काही बोलत नाही). मार्च असाच जातो. २९ एप्रिलला जागतिक नृत्य दिन असतो, १९८२ पासून साजरा होतो, झाँ-जॉर्ज नोव्हेर नावाचे एक फ्रेंच बॅले गुरू १७२७ मध्ये त्या तारखेला जन्मले म्हणून ती तारीख. आम्ही त्या दिवशी दार सगळ्यांना उघडं ठेवतो, फी नाही, फोटो खूप. त्या दिवशी आलेल्यांपैकी किती पुढच्या आठवड्यात परत येतात ते विचारू नका, कारण बाहेर ४३ डिग्री सुरू झालेलं असतं.

आणि मे. आमचा हॉल वरच्या मजल्यावर आहे, दिवसभर स्लॅब तापते आणि संध्याकाळी सातला ती उष्णता खाली सोडते, म्हणजे बाहेरून आत आलं की सुटका व्हायची ती उलटच. डेझर्ट कूलर लावला की पहिली दहा मिनिटं सुख. मग खिडक्या बंद असतील तर आत ओल भरते, मोझॅकच्या फरशीवर हात फिरवला तर ओलसर लागतो आणि चामड्याच्या सोलचा बूट टर्न घेताना सर्रकन सटकतो. म्हणून कूलर खिडकीबाहेरची कोरडी हवा ओढेल असा बसवायचा आणि समोरची दारं सताड उघडी ठेवायची, हे केलं की गार पण वाटतं आणि फरशी पण कोरडी राहते, पण मग गाणी पार रस्त्यापर्यंत ऐकू जातात आणि शेजारी वर येतात. तेव्हा मेमध्ये आम्ही शनिवारची सकाळची बॅच करतो, साडेसहाला सुरू, आठला खलास. २५ मे पासून नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की संध्याकाळचं पूर्ण बंद, हॉलचं भाडं मात्र चालूच. ताकाचा कॅन असतो, लिंबू-मीठ-साखर असते. एक काका खिशात कांदा ठेवून येतात, ऊन लागू नये म्हणून. कांद्यावर माझं काही म्हणणं नाही, आमच्या घरी पण ठेवायचे, पण बचाटाच्या क्लोज होल्डमध्ये, म्हणजे अगदी जवळ धरून नाचताना, वास येतो हो काका.

जूनच्या मध्यानंतर पाऊस आला की जीवात जीव. आता तुमचं उत्तर: जुलैत या. लग्नं आटोपलेली, कुठला कार्यक्रम जवळ नाही, गर्दी नाही, पावसामुळे दहा-बारा माणसं येतात आणि जी येतात ती खरंच नाचायला येतात. जुनी माणसं नव्यांना वेळ देतात. जानेवारीत ज्याच्याशी तुमचा एक नाच व्हायला अर्धा तास थांबावं लागलं असतं तो जुलैत तुमच्याबरोबर पाच गाणी करतो. बाकी काही लक्षात नाही राहिलं तरी हे ठेवा. माझ्या मते क्लब कसा आहे हे जुलैतल्या एखाद्या ओल्या बुधवारी बघावं, डिसेंबरच्या वार्षिक सोशलला (वर्षातल्या मोठ्या नाचाच्या संध्याकाळी) तर काय, कोणताही क्लब देखणाच दिसतो.

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे सणांमधून वाट काढणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत (रोगराई घेऊन जा म्हणत पुतळ्यांची मिरवणूक निघते ती), त्या दिवशी महाल-इतवारीकडच्या मंडळींची कोणी अपेक्षाच ठेवत नाही, "घेऊन जा गे मारबत" ओरडून घसा बसलेला माणूस संध्याकाळी काय नाचणार. गणपतीत हॉलच मंडळाला जातो. नवरात्रात नऊ दिवस सगळे गरब्याला, आणि जाऊ दे की, गरबा पण सोशल डान्सच आहे, गोल आहे, कोणीही शिरू शकतं, जोडीदार लागत नाही. फक्त परत आल्यावर पहिला आठवडा सगळे साल्सात पण टाळी वाजवतात. दसऱ्याच्या आसपास दीक्षाभूमीकडे देशभरातून लाखो लोक येतात, बजाज नगर-लक्ष्मी नगरचे रस्ते त्यांचे असतात, आमची तीन दिवस सुट्टी. दिवाळीत अर्धा क्लब पुण्या-मुंबईहून घरी आलेल्यांचा, म्हणजे जे इथं शिकून नोकरीला गेले ते येतात आणि तिकडच्या नव्या स्टेप्स दाखवून आमच्या नवख्यांना घाबरवून जातात.

नोव्हेंबरात संगीतवाले (त्यांच्याबद्दल खाली आहे). डिसेंबरात हिवाळी अधिवेशन. १९५३ च्या नागपूर कराराची (विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं व्हावं असं ठरलं तो) फळं आपण ट्रॅफिकमध्ये बसून चाखतो, सिव्हिल लाइन्सकडे बॅरिकेड, मोर्चे, हॉटेलं फुल, बाहेरून वर्कशॉपला शिक्षक बोलावला तर त्याला खोली मिळत नाही. त्यामुळे वार्षिक सोशल अधिवेशन उठल्यावर ठेवायचा, पण तेव्हा लग्नाचे मुहूर्त, म्हणून हॉल पावसाळ्यातच बुक करून ठेवावा लागतो. मी तुमच्या जागी असते तर शिफ्ट बघून जुलै ते सप्टेंबर एवढं पकडलं असतं. मेट्रोने खापरी लाइनवरून येणं पण सोपं आहे, शेवटच्या गाडीची वेळ तेवढी बघून ठेवा, आमच्यात "अजून एक गाणं" म्हणत गाडी चुकवणारे कायमचे आहेत.

मला खूप इच्छा आहे पण मिस्टर येणार नाहीत, त्यांना क्रिकेट पुरे. एकटी आले तर चालतं का? आणि अनोळखी माणसाचा हात धरायचा म्हणजे... सासूबाई म्हणतात हे आपल्यात बसत नाही. — धरमपेठ

एकट्या या ताई, निम्मे लोक एकटेच येतात. आमच्याकडे शिकताना गोल करतात, लीड करणारे जागेवर उभे आणि फॉलो करणारे दर दोन-तीन मिनिटांनी "चेंज" म्हटलं की एक घर पुढे. कोणालाच कोणाबरोबर अडकून राहावं लागत नाही आणि शिकणं पण यामुळेच लवकर होतं, कारण एकाच माणसाबरोबर सराव केला की त्याच्या सवयी पाठ होतात, नाच नाही. नवरा-बायको जोडीने आले आणि म्हणाले आम्ही बदलणार नाही, तरी कोणी जबरदस्ती करत नाही, पण दोन महिन्यांत त्यांची भांडणं ऐकायला मिळतात, "तू ढकलून राहिला", "तूच आधी फिरली".

हात धरण्याबद्दल. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात चुकीचे असतात आणि चूक एकच असते, अंगठा. घाबरलेला माणूस समोरच्याच्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबून धरतो. मग तुम्हाला फिरवायला गेला की तुमचं मनगट त्या अंगठ्याखाली अडकतं आणि मुरगळतं. खरी पकड म्हणजे बोटांची हलकी आकडी, त्याची बोटं खाली, तुमची बोटं वरून वाकलेली, अंगठे सुटे, म्हणजे टर्नमध्ये तुमची बोटं त्याच्या बोटांभोवती आपोआप फिरतात. तुम्हाला नको वाटलं तर त्याच क्षणी हात सोडता येतो, कोणी धरून ठेवूच शकत नाही. कोणी अंगठा दाबला तर "अंगठा काढा" एवढं म्हणायचं, आमच्याकडे हे रोज म्हटलं जातं. आणि क्लोज होल्ड नको असेल तर तेही सांगायचं, बचाटा लांबून पण होतो.

सासूबाईंना सांगा की १८१६ मध्ये लंडनच्या राजदरबारात पहिल्यांदा वॉल्ट्झ (जोडीने एकमेकांना धरून गिरक्या घेत करायचा नाच) झाला तेव्हा तिथल्या टाइम्स पेपरने केवढा थयथयाट केला होता, असला निर्लज्ज नाच सभ्य घरात शिरला म्हणून. तोच वॉल्ट्झ आज आजी-आजोबांचा सोज्वळ नाच समजतात. यानेही नाही पटलं तर त्यांनाच एकदा घेऊन या, बाहेर खुर्च्या आहेत, चहा आहे. दोन सासवा आमच्याकडे अशाच पाहायला आल्या आणि आता चा-चा-चा करतात, सुनेपेक्षा बऱ्या.

साडीत जमतं का? — महाल

जमतं. पदर पिनअप, निऱ्या घोट्याच्या वर. नऊवारीत तर अजून छान, पाय मोकळे.

मी इंजिनिअरिंगला आहे, मित्र घेऊन गेला होता एकदा, मला ते वन-टू-थ्री काही ऐकूच येत नाही. सगळे बरोबर एकाच वेळी सुरू करतात, मी काहून मागे राहतो? ऑन वन, ऑन टू काय भानगड आहे? — हिंगणा

अरे बाळा, तू लहानपणापासून आठ मात्रा ऐकतच आलाय, केरवा ताल काय वेगळा आहे? साल्सा आठातच मोजतात, पाय पडतात एक-दोन-तीन आणि पाच-सहा-सात ला, चार आणि आठ ला थांबायचं. नवखा नेमका त्या चारला थांबत नाही, घाईघाईत पाय टाकतो आणि मग पुढे पळतो. तुला वाटतं तू मागे आहेस, बहुतेक तू पुढे असशील. बचाटा सोपा, तीन पावलं आणि चौथ्याला टॅप, तिथून सुरू कर. वॉल्ट्झ तीनात असतो, दादरा ताल डोक्यात ठेव, बसतो बरोबर.

एक शोधायचा कसा? साल्साच्या गाण्यात मागे एक लाकडी काड्यांचा ठोका असतो, क्लावे, दोन मापांत पाच ठोके, कधी तीन-दोन कधी दोन-तीन. सगळे तुला क्लावे ऐक म्हणतील. ऐकू नको, आत्ता तरी. गाणं रंगात आलं की घंटेसारखा टणटण आवाज सुरू होतो, ती काउबेल, ती एक-तीन-पाच-सात ला वाजते, तिच्यावर पाय ठेव. बचाटामध्ये बोंगो आणि किसणीवर घासल्यासारखा गुइराचा आवाज, तो धर. ऑन वन म्हणजे दिशा बदलणारं पाऊल एकला, ऑन टू म्हणजे दोनला. ऑन टू न्यूयॉर्कवाल्यांचं, एडी टोरेस यांनी ते शिकवून शिकवून जगभर नेलं. आपल्याकडे बहुतेक ऑन वन करतात, पहिलं वर्ष तेच कर. ऑन टू वाले तुला सांगतील की तेच खरं संगीत, हो म्हण आणि पाणी प्यायला जा.

सराव घरी बसून, नुसतं गाणं लावून टाळी. पाय नंतर.

वय ६४, बँकेतून रिटायर, एका गुडघ्याला त्रास. डॉक्टर म्हणतात चाला. नाचलं तर चालेल का? कुठंतरी वाचलं की नाचल्याने स्मरणशक्ती राहते. — रामदासपेठ

काका, गुडघ्याचं डॉक्टरांनाच विचारा, पण विचारताना "नाच" एवढंच म्हणू नका, त्यांच्या डोळ्यासमोर उड्या येतात. सांगा की सपाट फरशीवर छोटी पावलं, उडी नाही, वळणं कमी. गुडघ्याचा खरा शत्रू बुटाचा सोल आहे. रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज फरशीला चिकटतात, शरीर फिरतं, पाय फिरत नाही आणि मधला पीळ गुडघा खातो. चामड्याचा किंवा स्वेडचा (मऊ, लवदार चामड्याचा) सोल हवा. इथं डान्स शूज महाग वाटत असतील तर सीताबर्डीतून साधे चामड्याचे फॉर्मल बूट घ्या, किंवा चांभाराकडून जुन्या बुटाला चामड्याचा तळ लावून घ्या, मस्त चालतात. फरशीवर टाल्कम पावडर टाकणारे दिसले तर त्यांना थांबवा, तुमचं भलं होईल पण मागच्याचं हाड मोडेल.

स्मरणशक्तीचं तुम्ही वाचलं ते बहुतेक २००३ चा अभ्यास असेल, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांवरचा. शारीरिक गोष्टींपैकी फक्त नाचणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं (विस्मरणाच्या आजाराचं) प्रमाण कमी दिसलं, आणि वाचन, वाद्य वाजवणं, बुद्धिबळासारखे खेळ यांचाही फायदा दिसला. पण ज्यांचं डोकं अजून तल्लख आहे तेच नाचायला जात असतील असंही असू शकतं, त्यामुळे औषध म्हणून नका येऊ. आमच्याकडचे तुमच्या वयाचे लोक संध्याकाळी सातला कोणीतरी वाट बघतंय म्हणून येतात, आणि एखाद्या दिवशी आले नाहीत तर फोन जातो.

आमच्या फ्लॅट स्कीमच्या हॉलमध्ये आम्ही असाच ग्रुप सुरू केला. खालचे लोक आवाजावरून भांडतात, एक जण म्हणतो म्युझिकचं लायसन्स पाहिजे, दुसरा म्हणतो रजिस्टर करा. काय खरं? — त्रिमूर्ती नगर

आवाजाचं आधी. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, रात्र म्हणजे दहा ते सहा. मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप येतं, अगदी अचूक नसतं पण खालच्यांच्या बाल्कनीत उभं राहून त्यांच्यासमोर मोजलं की भांडणाचा निम्मा जोर उतरतो. स्पीकर जमिनीवरून उचलून स्टूलवर ठेवा, खाली फोम घाला, धप-धप स्लॅबमधून जाते ती कमी होते. नऊला बंद करा आणि तसं आधीच सांगा. कोजागिरीला खालच्यांना मसाला दुधाला बोलवा.

लायसन्सचं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये एक सूट आहे, नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबाच्या कामकाजात रेकॉर्डिंग वाजवणं त्यात बसतं, आणि रहिवासी इमारतीतल्या सामाईक हॉलचाही उल्लेख आहे. पण तिकीट लावून हॉटेलात डीजे नाइट केली तर ती सूट सांगू नका, तिथे लायसन्स घ्यावंच लागतं. नेमकं तुमचं कशात बसतं ते वकिलाला एकदा कागदावर विचारून घ्या. रजिस्टर करायचं तर १८६० च्या सोसायटी कायद्याखाली कमीत कमी सात माणसं लागतात आणि महाराष्ट्रात सोबत १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, मग दरवर्षी हिशेब, ऑडिट. पंधरा-वीस जणांच्या ग्रुपला माझ्या मते आत्ता गरज नाही, एक वही ठेवा, पैसे दोघांच्या सहीने. ज्या दिवशी हॉलचं डिपॉझिट कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून जायला लागेल त्या दिवशी रजिस्टर करा.

फ्लोअरवर एक गृहस्थ दर वेळी मला नाचता नाचता शिकवतात, "असं नाही, असं". वयाने मोठे आहेत, नाही कसं म्हणू? — सदर

प्रत्येक क्लबात एक असतात. सोशल फ्लोअरवर कोणी कोणाला शिकवायचं नाही हा जगभरचा शिष्टाचार आहे, कारण दर गाण्याला तुम्ही चुकताय असंच वाटत राहिलं तर माणूस यायचा बंद होतो, आणि नवीन बायका गळण्याचं हे फार मोठं कारण आहे, कोणी सांगत नाही एवढंच. "नको, आत्ता बसते" म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही. नाही म्हटलेलं गाणं दुसऱ्या कोणाबरोबर लगेच करू नका, तेवढा मान ठेवला की पुरे. तरी पिच्छा सोडला नाही तर क्लब चालवणाऱ्यांना सांगा, आणि शिकवण्यापलीकडे काही असेल, हात नको तिथे जात असेल, तर त्याच संध्याकाळी सांगा. त्यांनी "ते जुने मेंबर आहेत हो" असं उत्तर दिलं तर तो क्लब सोडा, नागपूर आता एवढं लहान राहिलं नाही.

मुलीचं लग्न जानेवारीत आहे, संगीतला दोघांचा साल्सा बसवून द्याल का? दीड महिना आहे. — लक्ष्मी नगर

बसवून देणारे कोरिओग्राफर वेगळे, क्लबात ते होत नाही. तुमच्यासारखे दर नोव्हेंबरात येतात, लग्न झालं की दिसत नाहीत, आमची काही तक्रार नाही, पेढे तेवढे मिळावेत. पण दीड महिन्यात बेसिक, एक राइट टर्न (उजवी गिरकी) आणि क्रॉस बॉडी लीड (जोडीदाराला समोरून दुसऱ्या बाजूला नेणं) एवढं नीट आलं तर तीन मिनिटं सहज निघतात, बसवलेलं विसरण्याची भीती नाही आणि डीजेने गाणं मधूनच सुरू केलं तरी अडत नाही. आठवड्याला दोन दिवस, आणि जावयांना पण आणा, एकट्या मुलीला शिकवून उपयोग नाही. लेहेंगा घोळदार असेल तर शेवटच्या आठवड्यात तो घालूनच सराव करा.